पाच मीटर काळं कापड

पदवीदानाच्या सूचनापत्रात गाउनबद्दल दोनच ओळी होत्या. गाउन भाड्याने मिळेल. स्वतःचा आणायचा असल्यास तो ठरलेल्या नमुन्याचा, काळ्या कापडाचा आणि गडद निळ्या मखमलीचा असावा. काळं कापड म्हणजे नेमकं कसलं, याचा त्यात उल्लेख नव्हता. मलाही तेव्हा त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. काळं म्हणजे काळं.

भाड्याचा नको, एवढं मात्र पक्कं होतं. एम.एस्सी.च्या वेळी तो घालून झाला होता. चकचकीत पॉलिएस्टर, खांद्यावरून सारखा मागे घसरायचा आणि पुढून गळ्याला आवळायचा. चालताना पोटऱ्यांना चिकटायचा, काढताना केस उभे राहून चटचट आवाज यायचा. काखेत आधीच्या कुणाच्या तरी अत्तराचा वास मुरलेला. आणि फोटोत तो काळा आलाच नाही, फ्लॅशखाली चक्क जांभळट दिसला. पीएचडीला सहा वर्षं घालवल्यावर पुन्हा तेच अंगावर चढवायचं जिवावर आलं.

आईला म्हटलं, "आपण शिवूया का?"

आईने उभा जन्म शिवणयंत्रावर काढलाय. तिने नमुन्याचं चित्र नीट पाहिलं आणि म्हणाली, "शिवायला काय, झगाच तर आहे. कापड कुठलं?"

"काळं."

"अगं, रंग नाही विचारला. कापड विचारलं."

तिथून पुढचे अडीच महिने मी त्या एका प्रश्नात अडकले.

आधी वाचून काढलं. आमच्याकडचा नमुना अमेरिकी पद्धतीचा होता, घंटेसारख्या रुंद बाह्या आणि त्यांवर मखमलीच्या तीन पट्ट्या. ही पद्धत ठरली १८९५ साली, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भरलेल्या बैठकीत. तिच्यामागे न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीचा गार्डनर कॉट्रेल लेनर्ड नावाचा माणूस होता. त्याने १८८७ मध्ये विल्यम्स कॉलेजातल्या आपल्या वर्गासाठी गाउन आखले होते. कोणाच्या बाह्या टोकदार, कोणाच्या लांबट बंद, कोणाच्या घंटेसारख्या, हे सगळं त्या नियमावलीत आहे. हूडची, म्हणजे गळ्यातून पाठीवर सोडायच्या टोपड्यासारख्या पट्ट्याची लांबीसुद्धा पदवीधराला तीन फूट, पदव्युत्तराला साडेतीन, डॉक्टरेटवाल्याला चार. आणि मुख्य म्हणजे कापडही तेव्हा पदवीप्रमाणे बदलायचं. खालच्या पदवीला साधं लोकरीचं, वरच्यांना रेशीम. पुढे सुती पॉपलिन, रेयॉन वगैरे चालू लागलं आणि शेवटी पॉलिएस्टरने सगळ्यांना एका रांगेत आणून बसवलं.

कापडावरून हुद्दा ओळखायची ही रीत अमेरिकेने इंग्लंडकडून घेतली. तिथे लोकरीच्या घट्ट विणीच्या साध्या कापडाला नुसतं 'स्टफ' म्हणतात. वकिलांतही तेच. कनिष्ठ वकील स्टफचा गाउन घालणार आणि ज्येष्ठपद मिळालं की रेशमाचा. म्हणून तिथे बढतीलाच 'रेशीम घेतलं' असं म्हणतात. माणूस तोच, कायदा तोच, फक्त ताणाबाणा बदलला.

मुळात हा थंडीचा कपडा. बाराव्या-तेराव्या शतकात युरोपातल्या विद्यापीठांत शिकणारे-शिकवणारे बहुतेक चर्चशी बांधलेले, आणि दगडी खोल्यांत शेकोटी नाही. १२२२ साली ऑक्सफर्डच्या धर्मसभेत कँटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांनी धर्मसेवकांना 'काप्पा क्लाउसा' म्हणजे पुढून बंद असलेला झगा घालायला लावला. गाउनच्या वंशावळीत हा झगा बराच वरच्या फांदीवर बसतो. तो लोकरीचा असायचा, कारण ऊब लोकरीतच होती. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे डॉक्टर मिरवतात तो लाल झगाही असाच जुना. 'स्कार्लेट' हा आज रंग आहे, पण एके काळी ते एका भारी लोकरी कापडाचं नाव होतं. ते बहुधा केर्मेस नावाच्या किड्यांपासून काढलेल्या लाल रंगात रंगवायचे. रंग टिकला, कापडाचं नाव त्याला चिकटून राहिलं. मला यातलं सगळ्यात आवडलं ते संगीतातल्या डॉक्टरांचं. त्यांना दोन्ही विद्यापीठांत दुधी रंगाचं, अंगात फुलं विणलेलं रेशीम. बाकीचे सगळे गंभीर, आणि हे एकटे लग्नाला निघाल्यासारखे!

हे सारं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं. म्हणजे लोकर किंवा रेशीम. नमुने आण."

सहा तुकडे जमवले. एक रेशमी, आडव्या उठावदार रेघांचं, ज्याला ऑटोमन म्हणतात. एक पातळ लोकरी सुटिंग. एक 'रसेल कॉर्ड', म्हणजे सुती ताणा आणि लोकरी बाणा असलेलं बारीक रेघांचं कापड. ब्रिटिश गाउनमध्ये ते खूप वापरलं गेलंय. एक सुती पॉपलिन, एक मॅट पॉलिएस्टर आणि एक 'शंभर टक्के लोकर' म्हणून दिलेलं.

आईची परीक्षा साधी. तुकडा मुठीत गच्च धरायचा, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. पॉपलिन चुरगळलं ते चुरगळलंच, म्हातारीच्या गालासारखं. रेशमावर दोन पांढरट मोडी उठल्या आणि त्या गेल्या नाहीत. लोकर मात्र हातातून सुटल्यावर हळूहळू स्वतःहून सरळ झाली. पॉलिएस्टरही सरळ झालं, पण झटक्यात, प्लास्टिकच्या पिशवीसारखं. आईने ते बाजूला ठेवलं. "याला मन नाही," म्हणाली. हे काही शास्त्रीय विधान नाही, पण त्याहून चांगलं वर्णन मला अजून सुचलेलं नाही.

मग माझी परीक्षा. मी रसायनशास्त्राची. चिमट्यात एकेक धागा धरून ताटलीवर जाळला. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ते आपोआप विझतं आणि राख बोटांत चुरडते. सुती कापड कागदासारखं जळतं. पॉलिएस्टर वितळून आक्रसतं, काळा धूर सोडतं आणि मागे टणक मणी राहतो. 'शंभर टक्के लोकर'वाल्या तुकड्याने केसांचा वासही दिला आणि मणीही दिला. म्हणजे मिश्रण. दुकानदाराकडे परत गेले तर तो म्हणाला, "मॅडम, गिऱ्हाईक कापड जाळून बघत नाही हो."

पॉलिएस्टरला मी उगाच नावं ठेवत नाही. १९४१ मध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन ब्रिटिश रसायनतज्ज्ञांनी त्या धाग्याचं पेटंट घेतलं. पाण्याच्या बाटलीचा पदार्थ आणि त्या धाग्याचा पदार्थ एकच, पीईटी. त्यामुळे वापरलेल्या बाटल्यांपासून गाउन करतात यात जादू काही नाही. बाटली वितळवून धागा ओढला की झालं. ज्याला गाउन एकदाच, दोन तास घालायचाय, त्याला स्वस्त, हलकं, धुवून लगेच वाळणारं पॉलिएस्टर पुरतं. माझी तक्रार एवढीच, की ते अंगावरून नीट पडत नाही. हवेने फुगतं, नाहीतर अंगाला चिकटतं, मधलं काही जमत नाही.

निवड लोकरीवर आली. रेशीम आवाक्याबाहेर होतंच, शिवाय घड्यांवर ते तुटतं आणि घामाचे डाग कायमचे बसतात. लोकरीतही आम्ही घेतलं ते वर्स्टेड. त्यात लोकरीचे लांब तंतू आधी विंचरून एकमेकांना समांतर करतात आणि मग सूत कातून पीळ देतात. त्यामुळे कापड गुळगुळीत होतं, वर केस उभे राहत नाहीत. स्वेटरच्या बऱ्याच लोकरीत तंतू अस्ताव्यस्त असतात, ती फुललेली वाटते. दोन्ही मेंढीचीच, पण हाताला सख्खी लागत नाहीत.

"लोकर? उकडून मरशील," असं ज्याला त्याला म्हणायचं होतं. पण पातळ, साध्या विणीच्या वर्स्टेडमधून हवा खेळते. आणि लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के बाष्प आत ओढते तरी हाताला ओली लागत नाही. पॉलिएस्टर नेहमीच्या हवेत अर्धा टक्कासुद्धा घेत नाही. घाम मग जाणार कुठे? तो तुमच्या पाठीवरच.

वजनाचा हिशोबही केला. प्रति चौरस मीटर २२० ग्रॅमचं कापड, पन्हा दीड मीटर, लांबी पाच मीटर, म्हणजे एक किलो साडेसहाशे ग्रॅम. भाड्याच्या गाउनचं कापड असेल १२० ग्रॅमचं, म्हणजे नऊशे ग्रॅम. त्या पाऊण किलो जास्तीच्या वजनानेच गाउन अंगावरून नीट पडतो. खाली ओढणारं काहीतरी असल्याशिवाय झगा झग्यासारखा दिसत नाही.

इथे मी शहाणपणा केला आणि पाचऐवजी साडेचारच मीटर आणलं. घंटेसारख्या बाह्यांनी ते गिळलं. अर्धा मीटर आणायला पुन्हा गेले तर तो तागा संपलेला. शेजारच्या ताग्यातून घेतलं. ट्यूबलाइटखाली दोन्ही तुकडे अंगाला अंग लावून पाहिले, अगदी एकसारखे. घरी गच्चीत नेले आणि पाहतच राहिले. उन्हात एक हिरवट, दुसरा तांबूस.

रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवून बसलेल्या बाईला हे आधी सुचायला हवं होतं. काळा हा बहुतेक वेळा एकच रंग नसतो. निळा, तांबडा, पिवळा असे दोन-तीन रंग घट्ट मिसळून तो होतो आणि दर रंगाऱ्याचं प्रमाण निराळं. एका उजेडात जुळलेले दोन काळे दुसऱ्या उजेडात वेगळे होतात. जुन्या काळी तर काळा रंग बसवणं हे मोठंच कसब होतं. मध्य अमेरिकेतल्या लॉगवुड झाडाच्या लाकडाचा अर्क आणि सोबत लोखंडाचा क्षार असं जमवत. टॅनिन आणि लोखंडाचा काळा तर कालांतराने कापडच खातो. संग्रहालयांतल्या कापडांत म्हणूनच काळे भाग आधी विरलेले असतात.

तो तांबूस तुकडा योकच्या, म्हणजे खांद्यावरच्या पट्टीच्या, आतल्या बाजूला गेला. बाहीला जोड द्यावा लागला, तो काखेत लपवला.

कापायच्या आधी आईने ओला पंचा पसरून सगळं कापड वाफेवर फिरवलं. लोकर आटणार असेल तर आत्ताच आटू दे. मग कापणं एका दुपारी उरकलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, सरळ पट्टे आहेत. काम होतं ते पाठीचं.

गाउन मागून पाहिला तर खांद्याच्या जरा खाली, योकला बारीक उभ्या चुण्या दिसतात. भाड्याच्या गाउनमध्ये तिथे मशीनवर गोळा केलेल्या सुरकुत्या असतात. जुन्या पद्धतीत ते हाताने करतात. दीड मीटर रुंदीच्या कापडावर एकाखाली एक असे तीन धावदोरे घालायचे. टाके तंतोतंत एकाखाली एक, माझे सहा-सहा मिलिमीटरचे. मग तिन्ही दोरे एकदम ओढायचे. कापड गोळा होत नाही, त्याच्या नळ्या होतात. एकाला एक चिकटून उभ्या, सव्वाशेच्या आसपास, आणि दीड मीटर कापड चाळीस सेंटिमीटरमध्ये मावतं. प्रत्येक नळीचं डोकं योकला एकेका टाक्याने टाचायचं. मी तीन संध्याकाळी तेच करत होते. पहिल्या दिवशी टाके मोठे-लहान झाले, सगळं उसवलं. खडूच्या खुणा करून पुन्हा घातलं. ओढलं तेव्हा कापड असं एकसारखं मिटलं, की मी आईला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं.

योकला ताठपणा यावा म्हणून आत बक्रम, म्हणजे कडक अस्तर घातलं. इस्त्रीने चिकटणारं नको, आई म्हणाली, ते वर्षभरात फोड आल्यासारखं सुटतं. कॅनव्हासचं घेऊन आडव्या टाक्यांनी धरलं. कडांना दशा सुटू नयेत म्हणून सगळ्या शिवणी आतून बंद.

आणि मग मखमल.

कोणी गाउन शिवायला निघालं, तर मखमलीसाठी वेगळा आठवडा आणि वेगळा स्वभाव लागतो हे आधी सांगून ठेवते. आम्ही सुती मखमल घेतली. पॉलिएस्टरची चकाकते, आणि इथे चकाकी नकोच होती. मखमल गडद दिसते ती तिच्या लवेमुळे. उभ्या तंतूंच्या टोकांमध्ये उजेड शिरतो आणि तिथेच मुरतो. पण लव एका दिशेला झुकलेली असते. वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत, खालून वर फिरवला तर अडतो. आणि ज्या बाजूने पाहाल तसा रंग बदलतो. पुढच्या दोन लांब पट्ट्या मी कापड वाचवायला उलटसुलट ठेवून कापल्या. भिंतीवर टाचून पाहिल्या तर डावी गडद निळी आणि उजवी फिकट, जणू दोन विद्यापीठांच्या. आई काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त लागतं. एक पट्टी नव्याने कापली आणि बाह्यांच्या सहा पट्ट्यांसाठी मखमल जेमतेम उरली.

दुसरा ताप म्हणजे ती चालते. मशीनच्या पायाखाली मखमल लोकरीवर ठेवली की लव तिला पुढे ढकलते. सुरुवातीला कडेला कड जुळलेली असते, शेवटी मखमल बोटभर पुढे गेलेली. टाचण्यांनी भागत नाही, शिवाय त्यांचे वळ उठतात. उपाय एकच, हाताने तिरके कच्चे टाके, तेही दोन ओळींत, आणि मग सावकाश टीप. आईने पुढच्या दोन्ही पट्ट्या तशा लावल्या. बाह्या माझ्याकडे होत्या. पाच पट्ट्या मी नियमाने केल्या. सहावी उरली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. आता हात बसलाय म्हटलं, कच्चे टाके न घालता टीप मारली. बरी बसली.

इस्त्री मखमलीला लावायची नाही, कधीच नाही. लव एकदा बसली की उठत नाही. मखमलीचाच उरलेला तुकडा खाली ठेवायचा, त्यावर आपली मखमल पालथी, म्हणजे लवेत लव, आणि मागून नुसती वाफ.

टोपी तयार घेतली. गवंडी ज्या फळीवर चुना घेतो तिचं 'मॉर्टरबोर्ड' हे नाव इंग्रजीत त्या चौकोनी टोपीला मिळालंय, हे कळल्यापासून ती घालताना हसू येतं. गोंडा जरीचा. हूड विद्यापीठाकडूनच यायचा होता. डॉक्टरेटच्या हूडला मखमलीची कड पाच इंच, पदव्युत्तरला तीन, पदवीला दोन. आतून विद्यापीठाच्या रंगांचं सॅटिन. तो आला आणि आम्ही दोघी गप्प झालो. पक्कं पॉलिएस्टर, आमच्या लोकरीवर आरशासारखं चमकणारं. कडेची मखमलही निळी, पण आमच्या निळ्याची नव्हे. आईने योकला मागून एक छोटं बटण आणि हूडला आतून दोऱ्याचा फास केला, म्हणजे निदान गळ्यावर तरी येणार नाही. बाकीचं सोडून दिलं.

समारंभाच्या दिवशी तो अंगावर चढवला तेव्हा पहिलं जाणवलं ते वजन. खांद्यांवर नाही, पाठीवर, त्या नळ्यांपासून खाली सुटलेलं. वळले की गाउन अर्ध्या क्षणाने माझ्या मागून वळायचा. सभागृहात गर्दी होती, उकडतही होतं, पण पाठ कोरडी होती. रांगेत उभी असताना माझं लक्ष भाषणांकडे नव्हतं. पुढच्याची बाही कशाची, त्याच्या मागची कशाची, हे चाललं होतं. न राहवून पुढच्या मुलाची बाही हळूच अंगठा आणि बोटात धरून पाहिली. पॉलिएस्टर. तो दचकून वळला. मी म्हटलं, "धागा निघालाय." तो म्हणाला, "भाड्याचा आहे, राहू दे."

नाव पुकारलं, चढले, हूड घातला गेला, बटणाला फास अडकला, उतरले. सगळं मिळून एक मिनिट असेल.

बाहेर आई भेटली. तिचे डोळे भरलेले होते, मला वाटलं आता जवळ घेईल. तिने माझा डावा हात धरून उजेडात नेला, बाही ताणून सरळ केली आणि तिसऱ्या पट्टीवर बोट ठेवलं.

"ही एक सूत खाली गेलीय. कच्चे टाके घातले नव्हतेस ना?"

घरी आल्यावर तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. चष्मा लावला, लहान कात्री घेतली आणि पट्टी उसवायला बसली. मी म्हटलं, आता कशाला, झाला ना समारंभ. तिने दोरा ओढता ओढता विचारलं, "दिवा इकडे कर जरा. आणि मखमलीची उरलेली चिंधी टाकलीस की आहे?"